सिस्टर रिटायर होतात तेव्हा काय काय घरी जातं?

मंडळी, चैत्र यात्रेला आपल्या जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक येतात. सासनकाठ्या, गुलाल, हलगी सगळ्यांना दिसतं. आरोग्य पथकाच्या टेबलामागची सिस्टर मात्र चक्कर येऊन पडल्यावरच दिसते. आज तिच्या पेशाचा इतिहास बघू. त्यात आपल्या भागाचा वाटा मोठा आहे.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचा दवाखाना उभा केला आणि १८९७ साली तिथं नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. परक्या माणसाची जखम धुणं, घाण काढणं हे तेव्हाच्या सोवळ्यातल्या समाजाला हलकं काम वाटायचं. म्हणून सुरुवातीला या पेशात ख्रिस्ती मुलीच जास्त होत्या. पुढं १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि विधवा, गरजू बायकांसाठी नर्सिंगची वाट खुली झाली. ज्या बाईला घरात कोपरा दिला जायचा, तिच्या हातात पगार आला. ही गोष्ट साधी नव्हती.

कोल्हापुरात आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आजचं सीपीआर. शाहू महाराजांच्या मदतीनं परदेशी शिकून आलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी तिथं काम केलं. त्यांचं नाव इतिहासात राहिलं. रात्रपाळीत वॉर्डात जागणाऱ्या नर्सबाईंची नावं कोण सांगणार?

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर नर्सिंगच्या शिक्षणाला एक माप आलं. सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग अधिसेविका म्हणजे मेट्रन, अशी पायरी. पण खरं शिक्षण होतं ते बदलीच्या ड्युटीत. आज प्रसूती कक्ष, काही महिन्यांनी ऑपरेशन थिएटर, मग बालरोग, जळीत, अतिदक्षता.

समजा एक सिस्टर १९८० साली एकविसाव्या वर्षी नोकरीला लागली. तिनं काचेच्या सिरिंजा उकळून वापरल्या. १९८६ साली देशात एचआयव्ही सापडला, तेव्हा लोक रुग्णाजवळ जायला घाबरत होते, ती जात होती. १९९५ पासून पल्स पोलिओचे डोस पाजले, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झालेलाही पाहिला. २०१७ मध्ये ती ५८ वर्षांची झाली. नारळ, शाल, ग्रुप फोटो. संपलं.

संपलं का खरंच? नाही. कुणी खाजगी दवाखान्यात अर्धा दिवस जातं, कुणी नर्सिंग कॉलेजात शिकवतं. गावात तर रात्री-अपरात्री दार वाजतंच, 'सिस्टर, जरा बीपी बघता का?' ही अर्धी निवृत्ती. बहुतेक वेळा फुकट, आणि तिची नोंद कुठंच नाही.

सरकारला तिची आठवण झाली ती एप्रिल २०२० मध्ये. त्या चैत्रात जोतिबाची यात्रा रद्द होती, डोंगर सुनासुना होता. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निवृत्त परिचारिकांना पुढं येण्याचं आवाहन केलं. साठीच्या आसपासच्या बायकांना कोरोनाचा धोका जास्त, हे माहीत असतानाही बोलवावं लागलं. म्हणजे त्यांच्याशिवाय अडतं, हे आपण कबूल केलंच की! मग संकट सरल्यावर विसरलो कशाला?

माझं म्हणणं एवढंच. तालुक्यात निवृत्त सिस्टरांची यादी करा. ज्यांची इच्छा आहे, नोंदणी चालू आहे, त्यांना यात्रेच्या पथकात, उपकेंद्रात, नव्या मुलींना शिकवायला बोलवा. मानधन देऊन बोलवा, सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवू नका. कुठल्या बाळंतिणीला तातडीनं कोल्हापूरला हलवायचं आणि कुणाला इथंच धीर द्यायचा, हे ज्या नजरेला कळतं ती नजर तयार व्हायला पस्तीस-चाळीस वर्षं लागतात.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार, बोला.

चांगभलं!