उकळी न फुटलेलं पाणी



आपल्या घरात पाणी आधी गाळायचं, मग उकळायचं. आयंबिल, एकासणं, उपवास असला की उकळलेलंच पाणी चालतं. ते उकळलं हे डोळ्यांनी बघायचं, तीन उकळ्या यायला हव्यात. मग ऋतूप्रमाणे त्याचा काळ: उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन.

आता नोकरीसाठी बाहेर राहणाऱ्या आपल्या मुली ऑफिसातल्या मायक्रोवेव्हमध्ये कपभर पाणी गरम करतात. तिथे कधी कधी उकळी दिसतच नाही आणि धोका नेमका तिथेच असतो.

हा धोका मायक्रोवेव्हपेक्षा जुना आहे. 18व्या शतकात जिनिव्हाच्या द ल्युक या शास्त्रज्ञाला पाणी कशाने उकळतं याचं कुतूहल होतं. पाण्यात विरघळलेली हवा काढून टाकण्यासाठी तो पाण्याचा चंबू चार आठवडे हलवत राहिला. मग ते पाणी तापवलं, तर 100 अंश ओलांडले तरी उकळी नाही! सुमारे 112 अंशांना ते एकदम उसळलं. पुढे 19व्या शतकात गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की काचेच्या भांड्यात पाणी धातूच्या भांड्यापेक्षा थोडं उशिरा उकळतं, आणि त्यात लोखंडाचा कीस टाकला की लवकर उकळतं. वाफेचा बुडबुडा धरायला काहीतरी आधार लागतो. हवेचा कण किंवा खडबडीत जागा मिळाली की उकळी सहज फुटते.

चुलीवर किंवा गॅसवर हा प्रश्न सहसा आला नाही. पातेल्याचा तळ सर्वांत जास्त तापतो, तिथेच बुडबुडे धरतात.

मग आलं 1945 साल. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं, असं सांगतात. त्याच वर्षी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. 1947 मध्ये आलेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची आणि सुमारे 340 किलो वजनाची होती. ओट्यावर मावणारा मायक्रोवेव्ह घराघरांत पोचू लागला तो 1967 पासून.

या यंत्राने भांडं बदललं. धातू चालत नाही, म्हणून काचेचा किंवा चिनी मातीचा गुळगुळीत कप आला. शिवाय लहरी थेट पाण्यालाच तापवतात, कपाचा तळ वेगळा तापत नाही. त्यात आपलं पाणी आधीच उकळून गार केलेलं, म्हणजे त्यातली बरीचशी हवा गेलेली. द ल्युकचा चंबूच जणू! कप शांत दिसतो. तो उचलला, हलला किंवा त्यात चमचा घातला, की पाणी हातावर, तोंडावर उसळतं.

मायक्रोवेव्हने पाणी ‘मरतं’ किंवा त्यात किरण राहतात, या भीतीला आधार नाही. भाजण्याची भीती मात्र खरी आहे.

तीन उकळ्यांचा नियम घालणाऱ्यांना हे शास्त्र ठाऊक होतं, असा दावा करायची गरज नाही. पण डोळ्यांनी उकळी बघायची ही सवय आपल्याला आजही उपयोगी पडते. शक्यतो पाणी गॅसवर किंवा विजेच्या किटलीत उकळा. मायक्रोवेव्ह वापरावाच लागला, तर तापवण्याआधी कपात लाकडी चमचा उभा ठेवा, वेळ कमी लावा, बंद झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबा आणि तोंड लांब ठेवून कप बाहेर काढा. साखर किंवा चहाची पुडी लगेच टाकू नका.

पाण्यातल्या सूक्ष्म जीवांसाठी आपण एवढी जयणा पाळतो. कप उचलणाऱ्या हातासाठीही ती पाळू या. मुलींना आजच फोन करून सांगा.