हरवलेली तलम लोकर

अल्पाका हा उंटाचा अँडीज पर्वतातला छोटा भाऊबंद. एकटा ठेवला तर झुरतो. वर्षाला एकच पिल्लू, लोकरही वर्षातून एकदाच. इंका राजवटीत अशा कळपांची मोजदाद दोऱ्यांच्या गाठींत ठेवली जाई. १५३२ मध्ये स्पॅनिश आले. लढाया, रोगराई, त्यांच्या मेंढ्या. कळप गेले आणि धनगरही गेले. पैदाशीची विद्या कुठे लिहिलेली होती? ती धनगरांच्या बोटांत होती!

पेरूमधल्या एल याराल इथे सुमारे हजार वर्षांपूर्वी पुरलेले अल्पाका सापडले. त्यांची लोकर आजच्यापेक्षा तलम, एकसारखी निघाली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार अल्पाका हा रानटी विकुन्याचा वंशज. आजच्या कळपांत मात्र लामाचे रक्त बरेच मिसळले आहे.