गाठीच्या कपाळावरचा लेख

लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १७९२ साली केवळ कर्करोग्यांसाठी एक वॉर्ड सुरू झाला. सॅम्युअल व्हिटब्रेड या बिअरच्या कारखानदाराने त्यासाठी पैसा दिला होता. असाध्य रोग्यांना बहुतेक रुग्णालये दारातूनच परत पाठवीत, त्या काळात या वॉर्डाचा नियम विलक्षण होता. इथे आलेल्या रुग्णाला मुदत नव्हती. बरे वाटले तर त्याने घरी जावे, नाही तर शेवटपर्यंत इथेच राहावे. कोण कधी आले, गाठ पहिल्यांदा कधी हाताला लागली, मृत्यू कधी झाला, हे सारे नोंदवहीत उतरत राहिले. या नोंदींचा पुढे काय उपयोग होईल याची त्या लिहिणाऱ्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

मधल्या काळात स्तनाच्या कर्करोगावर राज्य केले ते शल्यविशारदांनी. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी हे सगळे एकसंध कापून काढायचे. यामागचे गृहीतक सोपे होते. कापडावर तेलाचा डाग पसरावा तसा रोग एका बिंदूपासून कडेकडेने पसरतो, म्हणून डागाच्या पुढे जाऊन कापले की रोगी वाचला. म्हणजे सारा खेळ वेळेचा. १९१३ साली अमेरिकेत कर्करोगाविरुद्ध जनजागृतीसाठी संस्था निघाली, तिचाही घोष ‘उशीर करू नका’ हाच होता. सल्ला योग्यच होता आणि आजही आहे. पण त्याची एक सावली पडली. जी बाई दगावली तिने उशीर केलाच असणार, असे न बोलता ठरून गेले. मेलेल्या बाईच्या माथी आळसाचा किंवा लाजेचा ठपका ठेवणारे हे गणित मला त्या शस्त्रक्रियेइतकेच क्रूर वाटते.

वास्तविक सुपारीएवढी गाठ एखादीला वर्षाच्या आत नेते आणि लिंबाएवढी गाठ दुसरीला दहा वर्षे जगू देते, हे डॉक्टर रोज पाहत होते. बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रीनो यांनी १९२५ साली ७३ गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यांच्या तीन प्रती लावल्या. लंडनमध्ये पेटी आणि स्कार्फ यांनी १९२८ साली तेच काम पुढे नेले. दोघांचे सांगणे असे, की गाठ किती पसरली आहे हा एक प्रश्न आणि ती स्वभावाने कशी आहे हा वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर म्हणजे आजची ‘स्टेज’, दुसऱ्याचे ‘ग्रेड’. या कामाकडे फारसे कोणी वळले नाही. कारण उघड असावे. गाठीच्या स्वभावावर चाकू चालत नाही.

उपेक्षित विचार परत येतो तेव्हा पुष्कळदा टोक गाठून येतो. १९५१ साली इयन मॅकडोनाल्ड या अमेरिकन शल्यविशारदाने ‘जैविक पूर्वनियती’ मांडली. गाठ हाताला लागण्याआधीच तिचा निकाल बहुतांशी ठरलेला असतो, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे सटवाई पाचवीच्या रात्री बाळाच्या कपाळी लिहून जाते, तसे हे गाठीच्या कपाळीचे लिखाण. एकीकडे सर्व दोष उशिराचा, दुसरीकडे सर्व दोष नशिबाचा!

वाद मिटवायला आकडे हवे होते. ते ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ साली दिले. १,४०९ रुग्ण, त्यांपैकी ३५९ जणींचा पंधरा वर्षांचा मागोवा. त्यांनी तीन गोष्टींना प्रत्येकी एक ते तीन गुण दिले. पेशी मूळच्या नलिकांसारखी रचना अजून करतात का, त्यांची केंद्रके किती वेडीवाकडी झाली आहेत, आणि विभाजनाची लगबग किती दिसते. बेरीज तीन ते पाच आली तर ग्रेड १, सहा-सात म्हणजे २, आठ-नऊ म्हणजे ३. पुढे १९९१ साली नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी नियम काटेकोर केले, पण बेरीज तीच राहिली. माझ्या आत्याच्या अहवालात ‘३ + २ + ३ = ८’ असे लिहिले होते. ती निवृत्त शिक्षिका. कागद हातात घेऊन तिने विचारले, “नऊपैकी आठ म्हणजे चांगलेच ना रे?”

आणि १९६२ साली हेच ब्लूम मिडलसेक्सच्या जुन्या नोंदवह्यांकडे वळले. १८०५ ते १९३३ या काळातल्या, कोणताही उपचार न झालेल्या २५० स्त्रिया त्यांनी निवडल्या. पहिले लक्षण दिसल्यापासून त्यांतल्या निम्म्या सुमारे पावणेतीन वर्षांत गेल्या होत्या. पाच वर्षांनंतरही शंभरात अठरा जिवंत होत्या, दहा वर्षांनंतर चार. जिथे प्रत लावता आली तिथे प्रत वाढली तसे आयुष्य घटलेले दिसले. चाकू नाही, किरण नाही, औषध नाही, तरी निकालात एवढा फरक. गाठीला स्वभाव असतो याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. तो दिला त्या वॉर्डातल्या, बऱ्या न झालेल्या बायकांनी.

मग सटवाईचेच खरे? तसे नाही, आणि हे ‘हर-टू’ या जनुकाच्या कथेतून फार स्पष्ट दिसते. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासून दाखवले, की या जनुकाच्या जादा प्रती असलेल्या गाठी लवकर उलटतात आणि त्या स्त्रिया कमी जगतात. म्हणजे वाईट लेखच. पण ज्या प्रथिनामुळे गाठ आक्रमक होती, त्यालाच चिकटणारे ट्रास्टुझुमॅब १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाले. २००५ च्या चाचण्यांत, लवकर सापडलेल्या रोगात, केमोथेरपीला त्याची जोड दिल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. गाठ तीच, लेख बदलला. ‘या प्रकाराचे भवितव्य वाईट’ हे वाक्य म्हणूनच तारीख घातल्याशिवाय लिहू नये. भारतात तर तारखेबरोबर औषधाची किंमतही लिहावी लागेल.

२००० साली पेरू आणि सहकाऱ्यांनी ४२ जणींच्या गाठींमधली जनुकांची हालचाल मांडून दाखवली, आणि एका रोगाचे अनेक रोग झाले. संप्रेरकांचे रिसेप्टर असलेले निराळे, हर-टूचे निराळे. राहिला ‘ट्रिपल निगेटिव्ह’, म्हणजे दोन्ही संप्रेरकांचे रिसेप्टर नाहीत आणि हर-टूही वाढलेला नाही. आपल्या ‘नेति नेति’सारखी, जे नाही त्यावरून केलेली ही ओळख. पाश्चात्य देशांत हा प्रकार शंभरात दहा-पंधरा, भारतीय अभ्यासांत मात्र पंचवीस-तीसच्या आसपास दिसतो. त्याचे भवितव्य सर्वांत वाईट म्हणतात ते मुख्यतः पहिल्या काही वर्षांपुरते. पाचेक वर्षे निर्धोक गेली, की तो परतण्याची भीती बरीच ओसरते.

उलट संप्रेरकांना प्रतिसाद देणारी गाठ ‘चांगली’. तिच्याबद्दल २०१७ साली ८८ चाचण्यांतल्या ६२,९२३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. पाच वर्षे गोळ्या घेऊन, रोगमुक्त म्हणून थांबलेल्या या स्त्रिया. त्यांच्यात रोग परतण्याचे प्रमाण पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत जवळजवळ एकाच संथ गतीने चालू राहिलेले दिसले.