सोलापुरातील बेकारी : भरपाई, भत्ता आणि कर

ऑगस्ट १९४९ मध्ये सोलापूरची ‘जुनी मिल’ बंद पडली, तेव्हा रिकाम्या झालेल्या कामगाराला भत्ता मागता येईल असा कायदाच नव्हता. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार हाती घेतला. गैरव्यवस्थेमुळे उद्भवलेली गंभीर बेकारी हे त्याचे एक कारण म्हणून नमूद होते. बेकारीवर उपाय म्हणजे गिरणी पुन्हा चालू करणे, हीच त्यामागील दृष्टी होय.

१९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद अधिनियमात ले-ऑफच्या भरपाईची तरतूद झाली. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेची निम्मी रक्कम, तीही सामान्यतः वर्षातून ४५ दिवस, मालकाने द्यावयाची होती. बदली कामगार मात्र तिच्या कक्षेबाहेर राहिला.

शासनाने स्वतः पत्करलेले दायित्व दिसते ते महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ मध्ये. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता त्यात ठरला. इतक्या अल्प रकमेवर आयकराचा प्रश्नच उद्भवत नाही. कराचा संबंध येतो तो दुसऱ्या बाजूने. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. हमी मात्र मुख्यतः ग्रामीण भागासाठी होती. सोलापूर शहर तिच्यात नव्हते. परिणामी करपात्र वेतनाचा गिरणी कामगार दुसऱ्याच्या बेकारीसाठी कर भरीत असे. स्वतः बेकार झाल्यावर त्या भत्त्यावर त्याचा हक्क नसे. म्हणून भत्त्याची पर्याप्तता केवळ रकमेवरून नव्हे, तर तो कोणास नाकारला गेला यावरूनही मोजली पाहिजे.