कॅरोलपची मुलं आणि त्यांचे कागद

बोलतोय बंगळूरहून, पण आज जायचंय पश्चिम ऑस्ट्रेलियात. पर्थच्या आग्नेयेला पावणेतीनशे किलोमीटरवर कटॅनिंग नावाचं गाव आहे. त्याच्या जवळ कॅरोलप. ही नूंगार लोकांची भूमी, आणि कॅरोलप ही त्यांच्यासाठी उभारलेली सरकारी 'सेटलमेंट'. सोलापूरच्या किंवा हुबळीच्या माणसाला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.

आधी कायदा बघू. १९०५ च्या कायद्याने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक मूलनिवासी मुलाचा पालक ठरला एक सरकारी अधिकारी, 'चीफ प्रोटेक्टर'. म्हणजे संरक्षक! मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत आईबापांचा शब्द त्याच्यापुढे चालत नसे. १९३६ साली ही मर्यादा एकवीसवर नेली. १९१५ ते १९४० या खुर्चीत ए. ओ. नेव्हिल बसले होते. मिश्र वंशाची मुलं आईपासून तोडली की दोन-तीन पिढ्यांत ती गोऱ्यांत विरघळून जातील, असं त्यांचं उघड म्हणणं होतं.

आणि आपल्याकडे? गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली. चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं करून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला मिळाली. १९११ च्या कायद्यातही तसं कलम होतंच. कैकाडी, पारधी, भामटा म्हणून नोंद झालेल्या घरांनी ते भोगलं. साम्राज्य एकच, आणि कारकुनी डोकंही एकच.

कॅरोलपला १९४६ साली नोएल व्हाइट नावाचे शिक्षक पत्नी लिलीसह आले. मुलं रात्री कुलूपबंद निजायच्या खोल्यांत. शिकून पुढे काय, तर शेतमजुरी आणि घरकाम. व्हाइटनी एक साधी गोष्ट केली. मुलांना घेऊन ते रानात भटकायला जात, परत आल्यावर कागद आणि रंगीत खडू हातात देत आणि पाहिलेलं आठवून काढायला सांगत.

ती चित्रं बघा. समोर काळ्या, उंच झाडांची खोडं, मागे पेटलेलं लाल-पिवळं आकाश. कांगारू मान वळवून थांबलेला. कधी रात्री शेकोटीभोवती चाललेला नाच. दहा-बारा वर्षांची मुलं, पण अंतर कसं दाखवायचं, उजेड कुठून येतो, हे पक्कं. 'यात ठिपके कुठायत, मग ही खरी आदिवासी कला कशी?' असं कुणी विचारतं तेव्हा मला चीड येते. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पापुन्यात कॅनव्हासवरच्या ज्या ठिपक्यांच्या चित्रांची चळवळ जगाला ठाऊक झाली, ती सुरू झाली १९७१ साली. कॅरोलपची मुलं त्याच्या पाव शतक आधीची. व्हाइटना श्रेय द्यावं, पण कागदाचं आणि वेळेचं. डोळा मुलांचाच होता, आणि जमीनही त्यांचीच.

१९४९ साली फ्लॉरेन्स रटर ही इंग्रज बाई तिथे आली. चित्रं पाहून ती थक्क झाली. विकत घेऊन तिने ती इंग्लंड आणि नेदरलंड्समध्ये दाखवली. इकडे युरोपात वाहवा चालली होती, तिकडे १९५० च्या अखेरीस सरकारने शाळाच बंद केली. कॅरोलपला मोठ्या मुलांना शेतीकाम शिकवायचं ठरलं. मेरी ड्यूरॅकने रटरबाईंसोबत या बालचित्रकारांवर पुस्तक काढलं, ते १९५२ साली, म्हणजे वर्ग पांगल्यानंतर.

या मुलांत पार्नेल डेम्प्स्टर, रेनल्ड हार्ट, बॅरी लू होते. सगळ्यांत नाव झालं रेव्हल कूपरचं. त्याच्या आयुष्याची बरीच वर्षं तुरुंगात गेली. फ्रीमँटलच्या तुरुंगात तो चित्रं काढत राहिला, इतर कैद्यांनाही शिकवलं. झाडं, आकाश, रान, सगळं तेच. गजांच्या आत बसून तो कॅरोलपला शिकला तसंच काढत होता: आठवून.

रटरबाई पैशाच्या अडचणीत आल्या आणि १९५६ साली संग्रह हर्बर्ट मेयर या अमेरिकन संग्राहकाकडे गेला. त्याने १९६६ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातल्या कोलगेट विद्यापीठाला दिला, आणि तिथे कागद कपाटात पडून राहिले. २००४ साली हॉवर्ड मॉर्फी हे मानववंशशास्त्रज्ञ तिथल्या पिकर कलादालनात गेले आणि त्यांच्यासमोर ही चित्रं आली. कुठली, हे त्यांनी ओळखलं. दोन वर्षांनी त्यातली काही उसनी आणून कटॅनिंगमध्ये प्रदर्शन भरलं. नाव नूंगार भाषेतलं: 'कूरा कूलिंगा', फार पूर्वीची मुलं. आणि २०१३ साली कोलगेटने सगळा संग्रह पर्थच्या कर्टिन विद्यापीठाकडे सोपवला. नूंगार लोक त्याला घरी येणं म्हणतात.

रेव्हल कूपर १९८३ सालीच गेला होता.