निम्मे गावाला, निम्मे न्यूयॉर्कला

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, जेवण आटोपून चहा यायच्या मधल्या सुस्त वेळात, एक ज्येष्ठ सभासद उठून उभे राहिले. म्हणाले, "आपण दर वर्षी मध्यवर्ती संस्थेला वर्गणी पाठवतो. तिकडून आपल्याला काय येतं? एक अधिवेशनाचं पत्रक आणि एक पुढच्या वर्गणीचं स्मरणपत्र!" सभेत हशा पिकला. त्या वर्षीचा खजिनदार मी. चेक माझ्या सहीने गेला होता, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवे होते. मला ते सुचले नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

त्याच हिवाळ्यात नोकरीला लागून वर्षही न झालेला आमच्या गावातला एक मराठी मुलगा मोटार अपघातात गेला. आमचे मंडळ जेमतेम साठ कुटुंबांचे. त्याच्या आईवडिलांशी बोलायचे, कागदपत्रे करायची, पार्थिव भारतात पाठवायचे, त्याचा खर्च उभा करायचा. चार दिवस आम्ही सगळे फोनला चिकटून होतो. कसेबसे निभावले. त्या चार दिवसांत निदान तिघांनी मला विचारले, "अशा वेळेसाठी वर काही सोय असते का हो?" याचेही उत्तर मला देता आले नाही.

त्यानंतर मी पोलिओच्या इतिहासाकडे वळलो. कारण वेगळेच होते. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र पायात कॅलिपर घालून यायचा. खेळाच्या तासाला आम्हा सगळ्यांची दप्तरे सांभाळायचे काम त्याच्याकडे असे, आणि त्यात काही चुकते आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. भारतात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, तेव्हा मला त्याचीच आठवण झाली होती. अमेरिकेने हा रोग कसा हटवला हे वाचायचे तेव्हापासून मनात होते. डॉ. जोनास सॉल्क यांचे नाव आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्या पाठीमागचे हिशेबाचे वहीखाते मात्र मला ठाऊक नव्हते, आणि माझ्यातल्या खजिनदाराने तेच आधी उघडले.

गोष्ट फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यापासून सुरू होते. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला आणि पाय कायमचे अधू झाले. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या उष्ण झऱ्यांनी बरे वाटते म्हणून त्यांनी १९२६ मध्ये ती जागाच विकत घेतली. ती चालवण्याचा व्याप आला त्यांचे वकिलीतले भागीदार बेसिल ओकॉनर यांच्या गळ्यात. रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ३० जानेवारी १९३४ रोजी, त्यांच्या वाढदिवशी, गावोगाव नृत्यसमारंभ झाले आणि एका रात्रीत दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. पुढे मात्र हा ओघ आटू लागला. रूझवेल्ट यांचे राजकारण न पटणारे लोक त्यांच्या वाढदिवसाला कशाला नाचतील? तेव्हा जानेवारी १९३८ मध्ये 'नॅशनल फाउंडेशन फॉर इन्फन्टाइल पॅरालिसिस' ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. अध्यक्ष ओकॉनरच. विनोदी नट एडी कँटर यांनी तेव्हाच्या 'मार्च ऑफ टाइम' या बातमीपटाच्या नावावर कोटी करून 'मार्च ऑफ डाइम्स' हे नाव सुचवले आणि लोकांना आवाहन केले, की दहा सेंटचे एक नाणे सरळ व्हाइट हाउसच्या पत्त्यावर पाठवा. २६ लाख ८० हजार नाणी आली. टपाल फोडणाऱ्यांचे काय झाले असेल, ते ज्याने कधी दिवाळीच्या कार्यक्रमाचे तिकिटाचे पैसे मोजले आहेत त्यालाच कळेल.

नाण्यांची गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतरचा भाग मला जास्त मोलाचा वाटला. ओकॉनर यांनी काउंटीगणिक शाखा उभारल्या. पुढे त्यांची संख्या सुमारे ३,००० झाली. शाखा म्हणजे गावातला बँकर, शाळामास्तर, विमा एजंट, शेतकऱ्याची बायको असे विनावेतन काम करणारे लोक. प्रत्येक शाखेला न्यूयॉर्कच्या मुख्य कार्यालयाची सनद असे आणि राज्यासाठी नेमलेला एक पगारी प्रतिनिधी शाखांमधून फिरत राही. जमलेल्या पैशांची वाटणी साधी होती: निम्मे पैसे शाखेकडे, त्या काउंटीतल्या रुग्णांच्या उपचारासाठी, निम्मे न्यूयॉर्कला, संशोधन, शिक्षण आणि साथनिवारण यांसाठी. शाखेवर एकच मोठे बंधन होते. पैशांअभावी कोणाही रुग्णाचा उपचार थांबता कामा नये. त्यात वय, वंश, धर्म, रंग पाहायचा नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. जानेवारीतली वर्गणीची मोहीम चालवणारी माणसे शाखेहून वेगळी असत. महिनाभरासाठी मोहीमप्रमुख नेमला जाई आणि काम संपले की तो मोकळा. पैसे मागणारे आणि खर्च करणारे हात निरनिराळे. गणपती उत्सवानंतर हिशेबावरून अबोला धरलेली दोन कुटुंबे ज्या मंडळात आहेत, त्यांनी यावर विचार करायला हरकत नाही.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो: वरून काय येत होते? पोलिओचा स्वभाव असा, की तो उन्हाळ्यात येई आणि येताना समान वाटणी करत नसे. एका काउंटीत दोन मुले आजारी पडत, तर शेजारच्या काउंटीत दोनशे. श्वसनाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णाला 'आयर्न लंग' या लोखंडी पिंपासारख्या यंत्रात कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने ठेवावे लागे. १९३०च्या दशकात त्या यंत्राची किंमतच सुमारे १,५०० डॉलर होती. लहान काउंटीची निम्मी शिल्लक अशा चार रुग्णांत संपे. मग राज्याच्या प्रतिनिधीचा न्यूयॉर्कला फोन जाई आणि साथनिवारण निधीतून शाखेच्या खात्यात पैसे येत. यंत्रे प्रत्येक गावाने विकत घ्यायची गरज नव्हती. ती ठिकठिकाणच्या साठ्यांत ठेवलेली असत आणि साथ जिकडे, तिकडे ती ट्रकने किंवा विमानाने रवाना होत. रेड क्रॉसमार्फत परिचारिका मिळत, त्यांचा खर्च फाउंडेशन करी. फिजिओथेरपिस्ट देशात पुरेसे नव्हते, म्हणून त्यांच्या शिक्षणालाही याच संस्थेने पैसे पुरवले. माझ्या धंद्यात याला लोड बॅलन्सिंग म्हणतात, पण तिथे एखादे यंत्र थकले तर फार तर कोणाची स्क्रीन गोठते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे १९४४चा उन्हाळा आणि नॉर्थ कॅरोलायनातले हिकरी हे गाव. त्या भागात पोलिओची साथ भडकली आणि जवळच्या शार्लटची इस्पितळे भरून गेली. हिकरीजवळ मुलांच्या उन्हाळी शिबिराची एक जागा होती. गावकरी आणि फाउंडेशन यांनी मिळून ५४ तासांत तिथे इस्पितळ उभे केले. लाकूड, खाटा, पांघरुणे, कपडे धुण्याची यंत्रे गावकऱ्यांनी आपापल्या घरांतून आणि दुकानांतून आणली. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आयर्न लंग बाहेरून आले. गरम पाण्यात भिजवलेल्या लोकरीच्या पट्ट्या दुखऱ्या स्नायूंवर बांधायच्या, हा त्या वेळचा मुख्य उपचार. त्याला हात लागत ते गावातल्या बायकांचे. एकट्या गावाच्याने हे झाले नसते. एकट्या न्यूयॉर्कच्यानेही झाले नसते, कारण न्यूयॉर्कला ते शिबिर कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. आणि त्या काळच्या दक्षिणेत न घडणारी गोष्ट तिथे घडली: गोऱ्या आणि काळ्या मुलांवर एकाच इस्पितळात उपचार झाले.

हे अपवाद म्हणून सांगावे लागते, यातच संस्थेची उणी बाजू आली. 'रंग पाहायचा नाही' हे सनदेत असले, तरी दक्षिणेतली इस्पितळे रंग पाहतच होती आणि रूझवेल्ट यांचे वॉर्म स्प्रिंग्जसुद्धा काळ्या रुग्णांना घेत नसे. यावर टीका झाली, तेव्हा १९३९ मध्ये फाउंडेशनने अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये काळ्या रुग्णांसाठी वेगळे केंद्र बांधायला पैसे दिले; ते १९४१ मध्ये सुरू झाले. वेगळे केंद्र बांधून भेदभाव मिटत नाही, हे आपल्याला, वेगळ्या पाणवठ्यांचा इतिहास असलेल्या लोकांना, कोणी समजावून सांगायला नको. तरीही १९४४ मध्ये चार्ल्स बायनम या काळ्या शिक्षकाला मुख्य कार्यालयात या कामासाठी नेमण्यात आले आणि काळ्या समाजात मोहीम नेण्याबरोबरच उपचारातल्या अन्यायाची तक्रार लावून धरण्याचे काम ते वर्षानुवर्षे करत राहिले. गावच्या शाखेला गावाचे पूर्वग्रह सोडवत नसतील, तर निदान बाहेरून विचारणारा कोणी असावा लागतो.

शाखा कुरकुरत नव्हत्या असे नाही. 'आपल्या गावाचे पैसे न्यूयॉर्कला का?' हे वाक्य आमच्या सभेत पहिल्यांदा उच्चारले गेले असे मी समजत होतो! शिवाय अनेक गावांत सर्व धर्मादाय संस्थांची एकत्र वर्गणी गोळा करायची पद्धत होती. ओकॉनर यांनी त्यात सामील व्हायला ठाम नकार दिला, त्यामुळे स्थानिक कार्यकर्त्यांना आपल्याच शेजाऱ्यांची नाराजी पत्करावी लागे. ओकॉनर हट्टी गृहस्थ होते, हे त्यांचे चाहतेही मान्य करतील. पण चांगली कल्पना खालून आली तर ती वर उचलायला ते कचरत नसत. जानेवारी १९५० मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये मातांनी ठरवले, की ठरलेल्या संध्याकाळी ज्यांना पैसे द्यायचे असतील त्यांनी पोर्चचा दिवा लावून ठेवावा. सुमारे २,३०० स्त्रिया बाहेर पडल्या आणि एका तासात जवळजवळ ४५,००० डॉलर घेऊन परतल्या. पुढच्याच वर्षी हा 'मदर्स मार्च' देशभर झाला. त्याच १९५० साली ओकॉनर यांच्या स्वतःच्या मुलीला, लेकुरवाळ्या बाईला, पोलिओ झाला.

१९५२ मध्ये देशात जवळजवळ ५८,००० लोकांना पोलिओ झाला आणि ३,००० हून अधिक दगावले. न्यूयॉर्ककडे गेलेल्या निम्म्या पैशांतून इकडे संशोधन चालू होते, त्यात सॉल्क यांच्या पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेचाही वाटा होता. २६ एप्रिल १९५४ रोजी व्हर्जिनियातल्या मॅक्लीन इथल्या शाळेत लसीच्या चाचणीला सुरुवात झाली. ४४ राज्ये, सुमारे १८ लाख मुले. निम्म्या रकमेवर आजवर रुग्ण सांभाळत आलेल्या शाखांनी आता शाळांत टेबले मांडली, नावे लिहून घेतली, रडणाऱ्या मुलांना गोळ्या-चॉकलेटे दिली, आणि तीन टोचण्यांना तीच मुले परत येतात की नाही हे पाहिले. पालकांनी ज्या कागदावर सही करायची, त्यात 'परवानगी देतो' असे नव्हते, 'माझ्या मुलाला सहभागी करून घ्या अशी विनंती करतो' असे होते. माझे पोट माहितीच्या हिशेबावर चालते, म्हणून सांगतो: संगणकाचे जाळे नसताना, पंचकार्डांवर, इतक्या मुलांची नोंद मिशिगन विद्यापीठात डॉ. थॉमस फ्रान्सिस यांच्याकडे विश्वास ठेवण्याजोगी पोचली, याचे श्रेय गणितज्ञांइतकेच त्या टेबलांमागे बसलेल्या बायकांना आहे. अनेक ठिकाणी कोणाला लस आणि कोणाला नुसता निष्क्रिय द्रव टोचला, हे टोचणाऱ्यालाही माहीत नव्हते. शेजाऱ्याच्या मुलाबद्दल असे न विचारता काम करणे सोपे नसावे. १२ एप्रिल १९५५ रोजी, रूझवेल्ट यांच्या दहाव्या पुण्यतिथीला, लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले.

मग शाखांचे काय? समाजशास्त्रज्ञ डेव्हिड सिल्स यांनी १९५७ मध्ये या कार्यकर्त्यांवर एक आख्खे पुस्तकच लिहिले. मूळ उद्दिष्ट पुरे झाले तरी हे लोक नव्या कामाला तयार होतील, असे त्यांना दिसले. १९५८ मध्ये संस्थेने जन्मजात व्यंगे आणि संधिवात हे नवे विषय हाती घेतले; संधिवात पुढे सुटला. बाहेर या निर्णयावर 'दुकान बंद करवत नाही' अशी टीका झालीच. पण शाखांच्या वह्यांत अजून जुनी नावे होती. लस आल्याने नवे रुग्ण थांबले. ज्यांचे पाय गेले होते त्यांना वेळोवेळी नवे कॅलिपर लागतच होते, आणि लोकांची भीती ओसरली तशी वर्गणीही ओसरली होती. हा भाग वाचताना मला माझा बाकावरचा मित्र आठवला.

या वर्षीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर वर्गणीचा विषय पुन्हा आहे. त्या ज्येष्ठ सभासदांना मी आधीच फोन करून सांगितले, की तुमचा प्रश्न बरोबर होता, पण तो आपण वरही विचारायला हवा होता. आम्ही दोघांनी मिळून एक पत्र तयार केले आहे. वर्गणी थांबवण्याविषयी त्यात काही नाही. वर्गणीतला ठरावीक हिस्सा अचानक मृत्यू, अपघात किंवा भारतातून आलेल्या आईवडिलांचे आजारपण यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा, आणि लहान मंडळाच्या एका फोनवर तो मिळावा, एवढी एकच मागणी आहे. हिस्सा किती, याची जागा सध्या कोरी आहे. त्यांचे म्हणणे दहा टक्के, माझे पंचवीस. सभा येत्या रविवारी आहे. खिचडी या खेपेला आमच्याकडून.