बेल्लमपल्ली : कोळशाने वसविलेले गाव

नगराचा इतिहास लिहावयास बसले, की आपण राजा, देवस्थान किंवा पेठ यांपैकी एखादे मूळ शोधू लागतो. चंद्रपूरच्या बाबतीत गोंड राजांचा परकोट ते काम करतो. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेल्लमपल्लीपाशी मात्र ही रीत उपयोगी पडत नाही. या गावाचा संस्थापक कोण, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेच, तर आम्हा शिक्षकांना भूगर्भातील कोळशाच्या थराकडे बोट दाखवावे लागेल.

दक्षिणेकडे येल्लंदू परिसरात 1871 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांना कोळसा आढळला. 1886 मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या कंपनीने खाणींचे हक्क मिळविले आणि 1889 मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले. 1920 मध्ये सिंगरेणी कंपनी निघाली. सिंगरेणी हे येल्लंदूजवळचे एक खेडे. पण त्याचे नाव पुढे साऱ्या गोदावरी खोऱ्यातील खाणींना चिकटले. तथापि नुसता कोळसा सापडल्याने गाव वसत नाही. वाहून नेण्याची सोय नसेल तर तो मातीच्याच मोलाचा. काझीपेठ-बल्लारशहा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुरा होत आला, तेव्हाच बेल्लमपल्लीच्या खाणींना अर्थ आला. रेल्वे कोळसा नेई आणि स्वतः कोळसाच खाई!

मराठी वाचकाला हा प्रदेश परका वाटावयाचे कारण नाही. वर्धा खोऱ्यातला कोळसा आणि हा कोळसा एकाच गोंडवन शिलासमूहातले. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत याच जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे भाग मुंबई राज्यात आले. राजुरा 1959 मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. बेल्लमपल्ली आंध्रात राहिली. भाषेची सीमा आखणाऱ्यांना जमिनीखालचे थर विचारात घ्यावयाचे नव्हते. तेथील तेलुगू कामगार खाणीला ‘बायी’, म्हणजे विहीर, म्हणतात. आपल्याकडील ‘बाव’ हा शब्द त्याचाच सगोत्र. दोघांचेही मूळ संस्कृत ‘वापी’.

अशा गावाचा स्वभाव पेठेच्या गावाहून निराळा असतो. पेठ सुगीकडे डोळे लावून बसते. खाणीचे गाव पगाराच्या दिवसाकडे. दिवसाचे प्रहर सूर्याऐवजी पाळीचा भोंगा ठरवितो. घर, वीज, दवाखाना सारे कंपनीचे. म्हणून जगणे एका अर्थी निश्चिंत, पण कंपनीचे घर नोकरीपुरतेच. माझ्या मते या गावांची खरी दुर्बलता येथे आहे.

वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंद पडली, तरी गाव टिकले; कारण कापसाचा बाजार आणि तालुक्याची कचेरी त्याच्यापाशी होती. बेल्लमपल्लीला असा दुसरा आधार तुटपुंजा. तेथील जुन्या खाणी एकामागून एक बंद झाल्या. 1990 च्या सुमारास सिंगरेणीत एक लाखाहून अधिक माणसे कामाला होती. पुढे ती संख्या निम्म्याहूनही खाली आली. 2016 मध्ये नवे जिल्हे झाले, तेव्हा जिल्ह्याचे ठाणेही शेजारच्या मंचेरियलला गेले.

कंपनीच्या दप्तरात टनांचा हिशेब मिळेल. ‘बायी’त उतरणाऱ्यांची बोली, त्यांच्या चाळींतले शेजार, तेलुगू-मराठी-गोंडी यांची सरमिसळ, हे मात्र माणसांपाशीच आहे. पहिली पिढी गेली. दुसरीतील निवृत्त माणसे मुलांच्या घरी पांगत आहेत. विचारावयाचे ते त्यांनाच, आणि लवकर, विचारावे लागेल.